रंगांची शिक्षिका : अल्मा थॉमस

मुलांनो, ‘रंग’ हा शब्द तुम्हांला शिकवावा लागत नाही. तो उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. पण या एकाच शब्दाच्या पोटात दोन गोष्टी आहेत. एक रंग डबीत असतो. तो आपण कागदावर लावतो. दुसरा रंग माणसाच्या कातडीचा असतो. तो कोणी लावत नाही, तो जन्माबरोबर येतो. पहिल्या रंगाने माणसाला आनंद मिळतो. दुसऱ्या रंगाकडे बघून मात्र माणसांनी माणसांवर फार अन्याय केला आहे.

या पाठात आपण एका अमेरिकन स्त्रीची ओळख करून घेणार आहोत. कातडीच्या रंगामुळे तिच्यापुढची कितीतरी दारे बंद होती. डबीतल्या रंगांनी तिने त्यांतली काही दारे उघडली. तिचे नाव अल्मा थॉमस. त्यांनी पस्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. आज त्यांची जी चित्रे जगात नावाजली जातात, ती बहुतेक सगळी त्यांनी वयाची सत्तर वर्षे उलटून गेल्यावर काढलेली आहेत. हे कसे घडले, ते आता पाहू.

अल्माचा जन्म २२ सप्टेंबर १८९१ रोजी झाला. अमेरिकेच्या दक्षिण भागात जॉर्जिया नावाचे राज्य आहे. त्या राज्यातील कोलंबस हे तिचे गाव. चार बहिणींमध्ये अल्मा सर्वांत मोठी. वडील जॉन थॉमस व्यवसाय करीत. आई अमेलिया शिवणकामात निपुण होती. कापडाचे रंग आणि नमुने जुळवून ती सुंदर पोशाख तयार करी. त्यामुळे कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग शोभतो, हे अल्माला घरातच रोज पाहायला मिळत होते.

थॉमस कुटुंबाचे घर चांगले होते. भोवती फुलबाग होती. घरामागच्या ओढ्याकाठी लाल चिकणमाती सापडे. इतर मुली खेळत असत, तेव्हा अल्मा त्या मातीच्या लहान लहान वाट्या आणि ताटल्या करी आणि उन्हात वाळवी. सुट्टीत ती आजोबांकडे, शेजारच्या अलाबामा राज्यात जाई. आजोबांचे कापसाचे शेत होते. मावळत्या सूर्याचे रंग, रानफुले, वाऱ्याने हलणारी पाने हे सारे तिने तिथे डोळे भरून पाहिले. पुढे साठ-सत्तर वर्षांनी हीच दृश्ये तिच्या चित्रांत उतरणार होती. पण तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हते.

घर सुखी होते, पण घराबाहेरचे जग तसे नव्हते. अल्मा कृष्णवर्णीय होती, म्हणजे काळ्या वर्णाची होती. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. तरी दक्षिणेकडील राज्यांत गोरे आणि कृष्णवर्णीय यांना सगळीकडे वेगळे ठेवले जाई. शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाणी पिण्याच्या जागाही वेगळ्या. कोलंबसच्या वाचनालयात कृष्णवर्णीय माणसाला पुस्तक वाचायला जाता येत नसे. झाडू-फडके घेऊन जमीन पुसायला मात्र जाता येई. थॉमस कुटुंबात वाचनाची फार आवड होती. वाचनालय बंद म्हणून त्यांनी घरीच पुस्तके जमवली. ते शिकलेल्या माणसांना घरी बोलावत आणि त्यांची भाषणे ऐकत. प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन हेही त्या घरी येऊन गेले होते.

अल्मा पंधरा वर्षांची झाली, तेव्हा एक मोठा प्रश्न उभा राहिला. कोलंबसमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी हायस्कूल नव्हते. मग पुढे शिकायचे कुठे? त्यातच १९०६ साली जॉर्जिया राज्याच्या अटलांटा या शहरात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीय वस्तीवर हल्ले केले. अनेक लोक मारले गेले. मुली इथे सुरक्षित नाहीत, हे आईवडिलांनी ओळखले. १९०७ साली राहते घर, बाग, सगे-सोयरे सोडून हे कुटुंब राजधानी वॉशिंग्टनला निघाले.

त्या प्रवासातील एक आठवण अल्मा म्हातारपणीही सांगत असत. वॉशिंग्टनच्या अलीकडे पोटोमॅक नावाची नदी आहे. नदी ओलांडण्यापूर्वी आईने मुलींना पायांतले बूट काढायला लावले. बुटांतली जॉर्जियाची वाळू झटकून टाका, तिथे पुन्हा जायचे नाही, असे तिने मुलींना बजावले. मुलांनो, आपल्या गावाची माती झटकून टाकताना त्या आईला काय वाटले असेल? पण मुलींचे शिक्षण तिला गावापेक्षा मोठे वाटले.

वॉशिंग्टनमध्येही शाळा वेगवेगळ्याच होत्या. तरी कृष्णवर्णीय मुलांसाठी तिथे चांगली हायस्कुले होती. अल्मा आर्मस्ट्राँग हायस्कूलमध्ये दाखल झाली. तिथे विविध हस्तकौशल्येही शिकवली जात. चित्रकलेच्या वर्गात पाऊल टाकल्यावर आपण स्वर्गातच आलो, असे तिला वाटले. गणितातही ती हुशार होती. इमारतींचे नकाशे काढणे तिला फार आवडे. आपण मोठेपणी इमारतींचे नकाशे करणारी वास्तुशिल्पी व्हायचे, असे तिने ठरवले. तिने पुठ्ठ्याची एक शाळा तयार केली होती. १९१२ साली ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या मोठ्या संस्थेत प्रदर्शनात मांडली गेली.

पण पुठ्ठ्याच्या शाळेनंतर खरी शाळा बांधायला तिला मिळाली नाही. त्या काळी अमेरिकेत गोऱ्या स्त्रियांनाही वास्तुशिल्पी होणे कठीण होते. मग कृष्णवर्णीय मुलीला ती संधी कोण देणार? अशा मुलीपुढे एकच मानाची वाट खुली होती. ती म्हणजे शिक्षिका होण्याची. अल्माने मायनर नॉर्मल स्कूल या अध्यापक विद्यालयात बालवाडीच्या शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. त्यानंतर डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन या शहरात एका समाजसेवी संस्थेत तिने काही वर्षे लहान मुलांना शिकवले. मुलांना मातीकाम, कागदकाम, रंगकाम शिकवण्यात ती रमून गेली. तरी स्वतः शिकायची तिची भूक भागली नव्हती.

१९२१ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ती वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी झाली. नाटकांचे पोशाख तयार करण्याची कला शिकावी, म्हणून तिने गृहविज्ञान विषय घेतला होता. त्याच सुमारास जेम्स हेरिंग नावाच्या प्राध्यापकांनी तिथे कला विभाग सुरू केला. अल्माच्या हातातील कसब त्यांच्या नजरेतून सुटले नाही. आपल्या विभागात ये, असा त्यांनी आग्रह धरला. १९२४ साली ती पदवीधर झाली. हॉवर्ड विद्यापीठाच्या कला विभागातून पदवी घेणारी ती पहिली विद्यार्थिनी. पुढे शाळेतून मिळणाऱ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तिने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अभ्यास केला आणि १९३४ साली एम.ए.ची पदवी मिळवली.

पदवी हाती आली आणि अल्मा थॉमस वॉशिंग्टनच्या शॉ ज्युनिअर हायस्कूलमध्ये चित्रकलेच्या शिक्षिका झाल्या. आता आपण त्यांना थॉमसबाई म्हणू या. ही शाळा कृष्णवर्णीय मुलांची होती. तिथे त्यांनी १९६० पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे शिकवले. पस्तीस वर्षे तीच शाळा आणि तीच वर्गखोली! बाकांवरची मुले बदलत गेली. पूर्वी शिकून गेलेल्यांची मुलेही त्याच बाकांवर येऊन बसण्याइतका हा काळ मोठा आहे. तुमच्या शाळेतील सर्वांत जुन्या शिक्षकांना विचारा, ते किती वर्षे शिकवत आहेत. म्हणजे पस्तीस वर्षे किती मोठी असतात, ते तुमच्या ध्यानात येईल.

थॉमसबाई केवळ तास घेऊन घरी जाणाऱ्या शिक्षिका नव्हत्या. आपल्या विद्यार्थ्यांना शहरात काय मिळत नाही, हे त्या बारकाईने पाहत. वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध नॅशनल थिएटरमध्ये कृष्णवर्णीय प्रेक्षकांना तेव्हा प्रवेश नव्हता. मुलांना नाटक पाहता येत नाही ना? मग नाटकच मुलांकडे आले पाहिजे. कळसूत्री बाहुल्यांचा बाईंनी खास अभ्यास केला होता. एम.ए.साठी त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला होता. लाकूड, कापड आणि दोऱ्या घेऊन बाहुल्या कशा करायच्या, त्यांना कपडे कसे घालायचे, दोऱ्या ओढून त्यांना कसे चालवायचे हे त्यांनी मुलांना शिकवले आणि बाहुल्यांचे खेळ बसवले.

हीच गोष्ट चित्रांची. ज्या मुलाने कधी चांगले चित्र समोरून पाहिलेच नाही, त्याला चित्रकलेची गोडी कशी लागणार? १९३६ साली बाईंनी मुलांमध्ये कलेची आवड वाढावी म्हणून ‘स्कूल आर्ट्स लीग’ हा उपक्रम सुरू केला. १९३८ साली त्यांनी शाळेतच चित्रांचे दालन उघडले. वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांमधील हे पहिले कलादालन. हॉवर्ड विद्यापीठाच्या संग्रहातून कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रे आणून त्यांनी तिथे लावली. आपल्यासारख्याच माणसाने काढलेले चित्र चौकटीत बसून भिंतीवर मानाने लागलेले आहे, हे मुलांनी पाहिले. पुस्तकातले दहा धडे जे सांगू शकत नाहीत, ते अशी एक भिंत सांगून जाते.

१९४३ साली प्राध्यापक हेरिंग आणि त्यांचे सहकारी अलोन्झो एडन यांनी वॉशिंग्टनमध्ये बार्नेट-एडन गॅलरी सुरू केली. कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या अमेरिकेतील पहिल्या काही खाजगी कलादालनांपैकी हे एक होते. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रे तिथे शेजारी शेजारी लावली जात. त्या काळात वॉशिंग्टनमध्ये ही गोष्ट सोपी नव्हती. थॉमसबाई या संस्थेच्या उपाध्यक्षा होत्या.

आता तुम्ही विचाराल की, बाई स्वतः चित्रे काढत नव्हत्या का? काढत होत्या, पण वेळ कुठून आणणार? दिवसभर शाळा, मग मुलांच्या वह्या, मग बाहुल्या आणि प्रदर्शने. उरलेल्या वेळात त्या फुलदाणी, फळे, देखावे अशी चित्रे काढत. ती नीटनेटकी होती, पण त्यांत खास त्यांचे असे काही नव्हते. हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी त्यांनाच जाणवत होते. म्हणून १९५० साली, वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर, त्यांनी पुन्हा एकदा विद्यार्थिनीची जागा घेतली. अमेरिकन युनिव्हर्सिटी या विद्यापीठात संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी त्या चित्रकला शिकू लागल्या. पुढची दहा वर्षे त्यांचा हा क्रम चालू होता. सकाळी त्या मुलांच्या चुका सुधारत आणि संध्याकाळी स्वतःच्या चुका सुधारून घेत.

या वर्गांत त्यांच्या चित्रांचे रूप हळूहळू बदलले. हुबेहूब फुलदाणी काढण्याऐवजी केवळ रंगांचे तुकडे शेजारी मांडून चित्र तयार होऊ शकते, हे त्यांना उमगले. अशा चित्राला ‘अमूर्त चित्र’ म्हणतात. गायक जसा शब्दांशिवाय नुसते सूर आळवतो आणि ते आपल्याला गोड लागतात, तसेच इथे रंगांचे असते.

१९६० साली थॉमसबाई निवृत्त झाल्या. त्यांचे वय अडुसष्ट होते. आता वेळच वेळ होता. पण शरीर थकू लागले होते. १९६४ साली संधिवाताने त्यांना गाठले. सांधे सुजत, बोटे आखडत, वेदना सहन होत नसत. चित्रकाराचा हातच दुखू लागला तर त्याने काय करावे? चित्रे काढणे आता सोडूनच द्यावे, असे त्यांना वाटू लागले होते.

नेमके याच वेळी हॉवर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. १९६६ साली त्यांच्या आजवरच्या चित्रांचे प्रदर्शन भरवायचे होते. ते भरवणारे जेम्स पोर्टर हे स्वतः चित्रकार होते आणि कृष्णवर्णीय कलेचे इतिहासकारही. जुनी चित्रे पुसून-झटकून दिली असती, तरी कोणी बाईंना नावे ठेवली नसती. पण बाईंना ते पटेना. आपण आजवर काढले नाही, असे काहीतरी दाखवायचे, असे त्यांनी ठरवले. काय काढावे? त्या घरातल्या खुर्चीवर बसून विचार करू लागल्या.

वॉशिंग्टनच्या पंधराव्या रस्त्यावरचे हे घर वडिलांनी १९०७ साली घेतले होते. तेव्हापासून शेवटपर्यंत बाईंचा मुक्काम तिथेच होता. समोरच्या खिडकीबाहेर हॉलीचे एक झाड होते. हॉलीची पाने जाड आणि चकचकीत असतात. बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. वारा सुटला होता. पाने हलत होती. पानांच्या फटींतून ऊन झिरपत होते. त्याचे लहान लहान तुकडे खिडकीच्या काचेवर, भिंतीवर, जमिनीवर नाचत होते. हे झाड त्या कितीतरी वर्षे पाहत होत्या. पण त्या दिवशी त्यांना त्यात चित्र दिसले.

त्यांनी रंग घेतले. रंगाचा एक लहान ठिपका, मध्ये थोडी पांढरी जागा, मग दुसरा ठिपका. असे ठिपके ओळीने मांडत गेल्यावर रंगांचे पट्टे तयार झाले. कधी हे पट्टे वरून खाली उतरत, तर कधी वर्तुळात वर्तुळ अशी त्यांची फिरकी होई. मधल्या पांढऱ्या फटींतून उजेड येतो आहे, असा भास होई. पानांच्या फटींतून येणारे ऊन कागदावर उतरले होते. आई कापडाचे तुकडे जुळवीत असे, तसे मुलगी आता रंगांचे तुकडे जुळवीत होती. ही पद्धत दुसऱ्या कोणाची नव्हती. ती थॉमसबाईंना चौऱ्याहत्तराव्या वर्षी सापडली होती.

तुम्हीही हे करून पाहू शकता. दुपारी एखाद्या दाट झाडाखाली उभे राहा. जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या कवडशांकडे पाच मिनिटे नीट बघा. बाईंनी काय पाहिले असेल, ते तुम्हांला कळेल.

प्रदर्शन यशस्वी झाले. मग बाई थांबल्याच नाहीत. त्यांच्याकडे मोठा स्टुडिओ नव्हता. स्वयंपाकघर आणि बसायची खोली हाच त्यांचा स्टुडिओ. मोठा कॅनव्हास असला की त्याचे एक टोक मांडीवर आणि दुसरे टोक सोफ्यावर टेकवायचे. हात पोचेल तेवढा भाग रंगवायचा. मग कॅनव्हास फिरवून दुसरी बाजू घ्यायची. दुखऱ्या बोटांनी एकेक ठिपका लावत सारा कॅनव्हास भरायचा. वॉशिंग्टनमधील बागा, चेरीचा बहर, वसंतातील फुले हे त्यांचे विषय. विमानातून पाहिली तर फुलांची बाग कशी दिसेल, अशी कल्पना करून त्यांनी चित्रे रंगवली.

याच काळात माणूस चंद्रावर पोचला. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ यानातील दोन अंतराळवीर चंद्रावर उतरले. बाईंच्या लहानपणी रस्त्यावर घोडागाड्या धावत. आता त्या घरी बसून दूरदर्शन संचावर चंद्रावरची माणसे पाहत होत्या. या गोष्टीचे त्यांना फार नवल वाटे. त्यांनी अंतराळाच्या विषयावर चित्रांची एक मालिकाच केली. १९७० साली त्यांनी ‘ग्रहण’ हे चित्र काढले. त्यात मध्याच्या बाजूला एक गडद वर्तुळ आहे आणि त्याच्याभोवती लाल, पिवळ्या, निळ्या रंगांची कडी पसरत गेली आहेत. १९७२ सालच्या आणखी एका चित्रात सगळीकडे निळ्या रंगाचे ठिपके आहेत आणि वरच्या कोपऱ्यात लाल, केशरी, पिवळ्या रंगांचा एवढासा पुंजका आहे. ते आहे अंतराळवीरांचे यान. अफाट आकाश आणि त्यात माणसाचे इवलेसे वाहन! नाव माहीत नसले तरी या चित्राकडे पाहून मन थबकते.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो यायलाच हवा. हा काळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याचा होता. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये लाखो लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. मार्टिन ल्यूथर किंग यांचे प्रसिद्ध भाषण याच मोर्चात झाले. मग ज्या बाईंनी इतका अन्याय पाहिला, त्यांनी फुले आणि चंद्रच का रंगवावेत? त्या काळी काही कृष्णवर्णीय कलावंतांना असे वाटत होते की, आपल्या चित्रांनी अन्यायाविरुद्ध बोललेच पाहिजे.

थॉमसबाई लढ्यापासून दूर नव्हत्या. एकाहत्तराव्या वर्षी त्या त्या मोर्चात सामील झाल्या होत्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी त्या गर्दीचे चित्रही काढले. पण नंतर त्यांनी आपली वाट विचार करून निवडली. माणूस माणसाशी किती क्रूरपणे वागतो, यापेक्षा जगात सुंदर काय आहे ते आपण रंगांतून दाखवावे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला केवळ ‘कृष्णवर्णीय चित्रकार’ म्हणू नये, चित्रकार म्हणावे, अशी त्यांची अपेक्षा होती. हे सर्वांनाच पटले असे नाही. तुम्हांला काय वाटते, यावर वर्गात जरूर चर्चा करा. मात्र एवढे ध्यानात ठेवा, ज्यांना सुंदर गोष्टी पाहण्याचा हक्कच नाकारला होता, त्यांच्यापैकी एकीने सुंदर गोष्टी निर्माण कराव्यात, हेही एक उत्तरच होते.

न्यूयॉर्क शहरात व्हिटनी नावाचे मोठे कलासंग्रहालय आहे. अशा संग्रहालयांत आमची चित्रे का नाहीत, असा प्रश्न विचारत कृष्णवर्णीय कलावंतांनी १९६९ पासून आंदोलन केले होते. त्या आंदोलनामुळे संग्रहालयाची दारे किलकिली झाली. १९७२ साली व्हिटनी संग्रहालयात अल्मा थॉमस यांच्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. त्यांचे वय ऐंशी वर्षांचे होते. लहानपणी संग्रहालयात पाऊल ठेवण्याचीही मुभा नव्हती, तिथे आपली चित्रे लागतील हे मनातही येणे शक्य नव्हते, अशी आठवण त्यांनी त्या वेळी सांगितली. समीक्षकांनी चित्रांचे मनापासून कौतुक केले. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीतही त्यांचे प्रदर्शन झाले. शहराच्या महापौरांनी ९ सप्टेंबर हा दिवस ‘अल्मा थॉमस दिन’ म्हणून जाहीर केला. पस्तीस वर्षे ज्या शहरात त्यांनी मुलांना रंग ओळखायला शिकवले, त्या शहराने आता बाईंना ओळखले होते.

१९७४ साली पडल्यामुळे त्यांच्या कमरेचे हाड मोडले. काही काळ काम बंद पडले. पण १९७६ साली त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या चित्रांपैकी एक पूर्ण केले. तीन भाग जोडून केलेले हे चित्र सुमारे सहा फूट उंच आणि तेरा फूट लांब आहे. त्यात अझेलियाची लाल फुले संगीताच्या तालावर नाचत आहेत, अशी कल्पना आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगाचे शेकडो तुकडे उसळत पुढे जातात. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या, बोटे आखडलेल्या बाईंनी हे चित्र रंगवले, यावर विश्वास बसत नाही.

२४ फेब्रुवारी १९७८ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. आपली अनेक चित्रे त्यांनी राष्ट्राच्या कलासंग्रहाला देऊन टाकली. स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन कलासंग्रहालयात ती आहेत. याच संस्थेत १९१२ साली त्यांची पुठ्ठ्याची शाळा मांडली गेली होती, हे तुम्हांला आठवत असेलच.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाला ‘व्हाइट हाउस’ म्हणतात. थॉमसबाईंच्या घरापासून ते चालत जाता येईल इतके जवळ आहे. २०१५ साली, बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना, त्या घरातील जेवणाच्या एका दालनात बाईंचे १९६६ सालचे एक चित्र लावण्यात आले. हिरवा, निळा, पिवळा, लाल अशा रंगांची वर्तुळे त्यात एकातून एक उमलत जातात. व्हाइट हाउसच्या कायमच्या संग्रहात आलेले कृष्णवर्णीय स्त्रीचे हे पहिलेच चित्र होय.

मुलांनो, थॉमसबाईंना यश उशिरा मिळाले, असे लोक म्हणतात. ते खरे आहे. त्यातला काही उशीर इतरांनी लादलेला होता. वाचनालय बंद नसते, वास्तुशिल्पी होण्याची वाट मोकळी असती, तर काय झाले असते, ते आता कोणी सांगू शकत नाही. तो अन्याय विसरता कामा नये. पण मिळालेली पस्तीस वर्षे बाईंनी रडत घालवली नाहीत. त्यांनी ती मुलांसाठी खर्च केली. मुलांना पाहायला शिकवता शिकवता त्यांची स्वतःची नजरही तयार होत गेली. म्हणून तर रोजच्या ओळखीच्या झाडात त्यांना एके दिवशी चित्र दिसले.

तुमच्या वर्गालाही खिडकी असेल. खिडकीबाहेर एखादे झाड असेल, नसेल तर आकाश तरी असेलच. उद्या मधल्या सुट्टीत तिथे थोडा वेळ उभे राहा आणि त्यात किती रंग आहेत, ते मोजून पाहा.